मुद्दाम वगळलेले : अमूर्त छायाचित्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

अमूर्त आणि प्रायोगिक छायाचित्रणाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतील पुष्कळ प्रश्न एकमेकांत मिसळणारे होते. त्यांतील प्रातिनिधिक प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. तंत्राविषयीच्या प्रश्नांना जागा अधिक दिली आहे, कारण या प्रकारात तंत्र कच्चे राहिले तर त्यावर कोणतीही चर्चा करता येत नाही.

प्रश्न : एका प्रदर्शनात केवळ अस्पष्ट रंगांचे पट्टे असलेली छायाचित्रे पाहिली. हात हलल्यामुळे बिघडलेला फोटो आणि अमूर्त छायाचित्र यांतील फरक ओळखायचा कसा? की तसा फरक नसतोच?
— निवृत्त शिक्षिका, सोलापूर

एकच छायाचित्र समोर ठेवले तर तो फरक दर वेळी ओळखता येईल असे नाही. त्याच व्यक्तीची दहा छायाचित्रे शेजारी शेजारी मांडली, तर मात्र तो सहसा लपत नाही. हातून घडलेली चूक प्रत्येक वेळी निराळी असते. निर्णय पुन्हा पुन्हा दिसतो. कॅमेरा कोणत्या दिशेला हलवला, काय चौकटीबाहेर ठेवले, कोणता रंग टाळला, यांत सातत्य असेल तर त्यामागे पाहणारे माणूस आहे असे समजावे.

चित्रकाराला कोऱ्या कॅनव्हासपासून सुरुवात करता येते आणि जगातील कोणत्याही वस्तूचा आधार न घेता तो काम पूर्ण करू शकतो. कॅमेऱ्याला ही मुभा नाही, कारण त्याच्यासमोर काहीतरी असावेच लागते. त्यामुळे छायाचित्रातील अमूर्तता बहुधा वगळण्यातून येते : वस्तूचा आकार किती मोठा आहे हे कळू न देणे, क्षितिज काढून टाकणे, वस्तू अर्धीच दाखवणे, स्पष्टता सोडून देणे. पॉल स्ट्रँड या अमेरिकन छायाचित्रकाराने १९१६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकटमधील ट्विन लेक्स येथे घरातील वाडगी आणि व्हरांड्याच्या कठड्याच्या सावल्या टिपल्या. चित्रे पूर्णपणे रेखीव आहेत, त्यांत कोठेही धूसरपणा नाही; तरीही आपण वर पाहतो आहोत की खाली, हे चटकन समजत नाही. त्याच वर्षी आल्विन लँगडन कोबर्न याने अमूर्त छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे अशी सूचना एका लेखातून केली होती. तीन आरसे त्रिकोणात जोडून त्यांतून त्याने घेतलेली ‘व्होर्टोग्राफ’ नावाची छायाचित्रे फेब्रुवारी १९१७ मध्ये लंडनच्या कॅमेरा क्लबमध्ये मांडली गेली. म्हणजे हा प्रकार काल-परवाचा नाही, आणि धूसरपणा हा त्याचा आवश्यक गुणही नाही.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर मला नसरीन मोहम्मदी यांचे नाव घ्यावेसे वाटते. त्यांचा जन्म १९३७ साली कराचीत झाला, १९७२ पासून त्यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवले आणि १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांचे निधन झाले. रेषांच्या रेखाटनांसाठी त्या ओळखल्या जातात. त्यांनी काढलेली छायाचित्रे त्यांच्या हयातीत प्रदर्शित झाली नव्हती. समुद्रकाठची वाळू, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, रस्त्यावरचे पट्टे, मागावरचे ताणलेले सूत अशा साध्या गोष्टी त्यांत आहेत. परंतु चौकट इतकी काटेकोर कापलेली आहे की प्रथम नजरेत भरतो तो तिरका छेद किंवा दोन करड्या छटांमधली सीमा, आणि वाळू नंतर ओळखू येते. सोलापूरसारख्या हातमाग-यंत्रमागाच्या गावात राहणाऱ्या व्यक्तीला या छायाचित्रांकडे पाहताना परकेपणा वाटू नये.

प्रश्न : शटर उघडे असताना कॅमेरा हलवून छायाचित्रे घेण्याचा प्रयत्न करतो आहे. दिवसा सगळे पांढरेफटक येते आणि संध्याकाळी नुसता चिखल. काय चुकते आहे?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

पहिला भाग गणिताचा आहे, तेव्हा तो आधी उरकू. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र; आकडा मोठा तितके छिद्र लहान) एफ/१६ असताना शटर उघडे राहण्याचा योग्य वेळ साधारण १/१०० सेकंद येतो. कॅमेऱ्याची हालचाल चित्रात रेषा होऊन उतरायची असेल तर १/८ ते १ सेकंद इतका वेळ हवा. म्हणजे प्रकाश किमान बारा-तेरा पटींनी कमी केला पाहिजे, आणि ते काम एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची करडी काच, करतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे. तीन स्टॉपचा फिल्टर प्रकाश आठ पटींनी कमी करतो, त्यामुळे शटर सुमारे १/१२ सेकंदावर येते. सहा स्टॉपचा चौसष्ट पटींनी करतो, म्हणजे ते जवळपास ०.६ सेकंद होते. एकच घ्यायचा असेल तर मी सहा स्टॉपचा सुचवीन. दहा स्टॉपच्या फिल्टरमधून व्ह्यूफाइंडरमध्ये जवळजवळ काहीच दिसत नाही आणि या कामात चौकट पाहत हालचाल करावी लागते. फिल्टर विकत घेण्यापूर्वी पावसाळ्यातील ढगाळ सकाळी किंवा दाट झाडीत प्रयोग करून पाहावा. तेथे प्रकाश मुळातच दोन-तीन स्टॉपने उतरलेला असतो.

ॲपर्चर एफ/२२ पर्यंत बंद करूनही वेळ मिळवता येतो, परंतु त्याला एक त्रासदायक बाजू आहे. ॲपर्चर जितके लहान, तितके सेन्सरवरील धुळीचे कण ठळक उमटतात. दृश्य हलते, पण धूळ सेन्सरलाच चिकटलेली असल्याने ती हलत नाही. वाहत्या रंगरेषांच्या मध्ये हे काळे ठिपके स्थिर बसतात आणि सगळा भास मोडतात.

आता ‘चिखला’विषयी. आपण कोणत्या दृश्यासमोर उभे राहता हे पत्रात लिहिलेले नाही, परंतु बहुतेकांच्या बाबतीत कारण एकच असते : दृश्यात मुळातच आकारांची दिशा नसते. उभ्या खोडांच्या रानात कॅमेरा उभा हलवला की खोडे आपल्याच रेषेवर सरकतात आणि टिकून राहतात. त्याच रानात तो आडवा हलवला तर सगळे एकमेकांत मिसळते. समुद्र, शेताचे बांध, पठारावरची फुले यांना आडवी हालचाल मानवते. ज्या दृश्यात फांद्या, तारा, गवत सर्व दिशांना पसरलेले असते, ते कोणत्याही हालचालीने सुधारत नाही आणि तेथून पुढे चालू लागणेच बरे.

दुसरी गोष्ट आकाशाची. एक्स्पोजर चालू असताना, म्हणजे शटर उघडे असेपर्यंत, उजळ भाग गडद भागावर चढतो, कारण प्रकाश साठत जातो आणि काळोख साठत नाही. झाडांच्या मागे पांढरे आभाळ असेल तर ते सरकताना खोडांना खाऊन टाकते. म्हणून आभाळ चौकटीतून काढावे. मागे डोंगराचा उतार किंवा गडद झाडी येईल अशी जागा शोधावी. आपल्या भागात अंजनेरीच्या बाजूला पावसाळ्यात अशी पार्श्वभूमी सहज मिळेल.

हालचाल शटर दाबण्यापूर्वी सुरू करावी आणि शटर बंद झाल्यानंतर थांबवावी. आधी दाबून मग हलवले तर सुरुवातीचा स्थिर क्षण चित्रात घट्ट उमटतो. तोच परिणाम हवा असेल, म्हणजे आकार ओळखू यावा आणि त्याच्याभोवती रेषा असाव्यात, तर मात्र मुद्दाम क्षणभर थांबून मग हलवावे. लेन्समधील किंवा बॉडीतील स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद ठेवावे, कारण ते आपल्या हालचालीशीच झगडते. छायाचित्रकार एर्न्स्ट हास याने १९५० च्या दशकात स्पेनमधील बैलझुंजी रंगीत फिल्मवर संथ शटरने टिपल्या तेव्हा धूसरपणा ही छायाचित्रातील उणीव मानली जात असे. त्या चित्रांत माणूस आणि जनावर यांची वळणे मात्र नेमकी हाती लागतात, कारण त्याने गती कोणत्या दिशेची आहे ते आधी ओळखले होते.

प्रश्न : माझ्याकडे केवळ मोबाइल आहे. महागडी साधने नसतील तर या वाटेला जाऊ नये का?
— गृहिणी, रत्नागिरी

अवश्य जावे. जवळून पाहणे आणि चौकट कापणे यांना मोबाइल पुरेसा आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात आपल्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि त्यांची डागडुजी, रंगकाम चालते. खरवडलेल्या रंगाचे थर, गंजलेल्या खिळ्यांचे ओघळ, अर्धवट पुसलेले आकडे यांच्यासमोर एक सकाळ काढावी. ॲरन सिस्किंड याने १९४० च्या दशकापासून सोललेल्या रंगाच्या भिंती आणि फाटकी पोस्टरे अशाच तऱ्हेने टिपली आणि त्याच्या काळातील अमूर्त चित्रकारांनी त्याला आपल्यातलाच मानले. मोबाइल सपाट पृष्ठभागाला अगदी समांतर धरावा, म्हणजे खोली नाहीशी होते आणि पृष्ठभाग तेवढा उरतो. होडीवरचे काम चालू असेल तर तांडेलाला विचारून मगच जवळ जावे, हे सांगायला नकोच.

पावसात घरीच थांबावे लागले तर आणखी एक प्रयोग आहे. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरे पान उघडावे. त्या पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवित (पोलराइज्ड), म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. पडद्यासमोर मुलांच्या कंपासपेटीतील पारदर्शक गुण्या, कोनमापक किंवा प्लॅस्टिकचा डबा धरावा आणि मोबाइलच्या लेन्ससमोर पोलराइज्ड चष्म्याची काच ठेवून ती हळूहळू फिरवावी. एका कोनात पडदा काळा पडतो आणि प्लॅस्टिकमध्ये जांभळे, हिरवे, पिवळे पट्टे उमटतात. साच्यात थंड होताना त्या प्लॅस्टिकमध्ये जो ताण अडकून राहिला, त्याचे हे चित्र आहे. ताण जेथे झपाट्याने बदलतो, तेथे पट्टे दाट. यंत्राच्या भागांवरील ताण पाहण्यासाठी अभियंते हेच तत्त्व वापरत आले आहेत. साध्या काळ्या चष्म्याने हे होणार नाही, चष्मा पोलराइज्डच हवा.

मोबाइलच्या प्रो मोडमध्ये रॉ फाइल (सॉफ्टवेअरने संस्कार न केलेली मूळ नोंद) घेण्याची सोय असेल तर ती वापरावी. अन्यथा फोनमधील सॉफ्टवेअर आपण मागितलेली नसतानाही प्रत्येक कडेला धार लावते.

प्रश्न : घरी सायनोटाइप करून पाहिले. पहिल्या धुण्यातच निळा रंग वाहून जातो, आणि जो उरतो त्यात पांढरा भाग पिवळट-हिरवा दिसतो. पावसाळ्यात तर कागद वाळतच नाही.
— वास्तुकलेची विद्यार्थिनी, सिंधुदुर्ग

सायनोटाइप म्हणजे रसायनाचा लेप दिलेल्या कागदावर उन्हाने निळे चित्र उमटवणे. आपण वास्तुकला शिकता, तेव्हा या प्रक्रियेशी आपले जुने नाते आहे. नकाशांच्या ब्लूप्रिंट याच रसायनावर निघत असत. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्स हिने ब्रिटनमधील समुद्रशैवालांच्या ठशांचा पहिला भाग काढला. शैवाल थेट कागदावर ठेवून ते उन्हात धरले जाई, कॅमेरा नव्हताच. तिला शास्त्रीय नोंद हवी होती, कला तिच्या मनात कितपत होती कोण जाणे, परंतु निळ्यावर पांढऱ्या तंतूंची ती पाने आज अमूर्त चित्रांसारखीच पाहिली जातात. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांवर सरगॅसम विपुल सापडते, त्याचा उपयोग करून पाहावा. शैवाल आधी गोड्या पाण्यात धुऊन टिपकागदात दाबून घ्यावे.

आता दोषांकडे वळू. नेहमीचे प्रमाण असे : १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम हिरवे फेरिक अमोनियम सायट्रेट, आणि दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही वेगवेगळ्या तपकिरी बाटल्यांत ठेवून वापरण्याच्या वेळी समभाग मिसळावीत. ऊन पडले की त्यातील अतिनील किरणांमुळे फेरिक लोह फेरस होते, ते फेरिसायनाइडशी संयोग पावते आणि प्रशियन निळा रंग तयार होतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही. म्हणून निळा वाहून जातो तेव्हा बहुधा तो पुरेसा तयारच झालेला नसतो. ऊन लागलेला भाग निळा दिसला म्हणून कागद लगेच उचलू नये. तो भाग करडा, किंचित धातूसारखा चमकू लागेपर्यंत थांबावे. वैशाखातील दुपारी पाच-दहा मिनिटांत हे होईल, ढगाळ दिवशी त्याच्या कितीतरी पट वेळ लागेल. घड्याळापेक्षा कागदाच्या कडेवर लक्ष ठेवावे.

दुसरे संशयित कारण पाणी. प्रशियन निळ्याला अल्कली सोसत नाही. बोअरवेलचे जड पाणी, साबणाचा अंश राहिलेली बादली, धुण्याचा सोडा यांपैकी काहीही तो रंग फिका करू शकते. पहिल्या धुण्याच्या पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालावे. रंग टिकतो आणि मधल्या छटाही चांगल्या उतरतात. कागदातही अल्कली असू शकते. पुष्कळ चांगले चित्रकलेचे कागद दीर्घकाळ टिकावेत म्हणून त्यांत चुनखडी घातलेली असते आणि नेमके तेच या कामाला बाधते, तेव्हा दुकानदाराला किंमत विचारण्याआधी हे विचारावे.

पांढऱ्या भागातील पिवळट-हिरवी झाक म्हणजे न धुतले गेलेले रसायन. पाण्यात पिवळेपणा उतरायचा थांबेपर्यंत, दहा मिनिटे तरी, पाणी बदलत धुवावे. पांढरा भाग निळसर होत असेल तर मात्र कारण निराळे : कागद उन्हात नेण्यापूर्वीच बिघडला. दमट हवेत लेप ओला राहतो आणि अंधारातसुद्धा त्याची अभिक्रिया हळूहळू सुरू होते. आषाढ-श्रावणात लेप दिलेला कागद अंधाऱ्या खोलीत पंख्याखाली वाळवून त्याच दिवशी वापरावा, साठवून ठेवू नये. सायट्रेटच्या द्रावणावर या दिवसांत बुरशीही येते. ती गाळून काढली तर द्रावण बहुधा चालते. लेपासाठी धातूची पट्टी असलेला ब्रश वापरू नये, लोखंडाचा कण लागला की निळे ठिपके पडतात.

हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकघरातील भांडी या कामाला वापरू नयेत. पोटॅशियम फेरिसायनाइड तीव्र आम्लात मिसळू नये आणि तापवू नये, त्यातून विषारी वायू निघू शकतो. धुण्याच्या पाण्यातील व्हिनेगर सौम्य असल्याने त्याची भीती नाही, पण स्वच्छतागृह धुण्याचे ॲसिड त्या खोलीतही ठेवू नये.

प्रश्न : एकावर एक अशी दोन दृश्ये कॅमेऱ्यातच घेणे आणि नंतर संगणकावर जोडणे यांत काही फरक आहे का? स्पर्धेत कोणते चालते?
— हौशी छायाचित्रकार, नागपूर

परिणाम पाहून फरक कळेलच असे नाही. फिल्मवर दोन एक्स्पोजर घ्यायचे तर प्रत्येक एक स्टॉप कमी ठेवावे लागे, चार घ्यायचे तर दोन स्टॉप. आजच्या कॅमेऱ्यांतील, चौकटींची सरासरी काढणारा मोड हा हिशेब स्वतः करतो. मला कॅमेऱ्यातच करणे अधिक शिकवणारे वाटते, कारण पहिल्या चौकटीतील गडद भागातच दुसरे दृश्य ठळक उमटणार हे लक्षात ठेवून पहिली चौकट घ्यावी लागते. आभाळासमोरची गडद आकृती आधी घेतली तर दुसऱ्या दृश्यातील पाने फक्त त्या आकृतीत भरतात. संगणकावर हा विचार पुढे ढकलता येतो, आणि पुढे ढकललेला विचार पुष्कळदा होतच नाही.

स्पर्धेचे नियम वाचावेत आणि शंका असेल तर आयोजकांना लेखी विचारावे. तंत्र कोणते वापरले ते स्वतःहून नमूद करावे आणि मूळ फाइली जपून ठेवाव्यात. लिहिलेल्या आज्ञेवरून संगणकाने तयार केलेली प्रतिमा हा पूर्ण निराळा विषय आहे. तिला छायाचित्र म्हणून पाठवू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : फोटोग्राम आणि सायनोटाइप एकच का?
— शालेय कलाशिक्षक, सांगली

नाही. कॅमेऱ्याविना, वस्तूची सावली थेट प्रकाशसंवेदी कागदावर घेतली तर तो फोटोग्राम. सायनोटाइप हा त्या कागदाचा एक प्रकार. हाच फोटोग्राम चांदीच्या क्षारांच्या कागदावर डार्करूममध्ये करता येतो. १९१९ च्या सुमारास क्रिस्टियन शाड याने, आणि १९२२ पासून मान रे व लास्लो मोहोली-नागी यांनी चांदीच्या क्षारांच्या कागदावर फोटोग्राम केले. शाळेसाठी सायनोटाइप सोयीचा, कारण त्याला डार्करूम लागत नाही. रसायने मिसळणे मात्र शिक्षकाने स्वतः करावे, मुलांच्या हाती वाळलेला कागदच द्यावा. काचेचे ग्लास, जाळी, पिसे अशा अर्धपारदर्शक वस्तू निवडाव्यात. नाणी आणि किल्ल्या केवळ पांढरे डाग देतात आणि मुलांचा उत्साह तेथेच संपतो.

प्रश्न : अशा छायाचित्रांना शीर्षक द्यावे का?
— वाचक, ठाणे

‘अंतर्मनाचा कल्लोळ’ अशा धर्तीचे देऊ नये. प्रेक्षकाने काय वाटून घ्यावे याची ती सूचना होते आणि बहुतेक वेळा चित्र तिच्याइतके बोलत नसते. अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ याने १९२२ मध्ये लेक जॉर्ज येथे ढगांची छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली तेव्हा पहिल्या मालिकेच्या नावात संगीत होते, त्यानंतर आकाशाची गाणी आली, आणि १९२५ पासून ‘इक्विव्हॅलंट’ या एकाच कोरड्या नावाखाली तो ती चित्रे ठेवू लागला. शीर्षके साधी होत गेली तरी चित्रांचे काही बिघडले नाही. क्रमांक आणि वर्ष पुरेसे आहे. स्थळ, तारीख, शटर, फिल्टर आणि कागद यांची नोंद मात्र छापील प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने अवश्य करावी. बॉलपेनने करू नये, त्याचा दाब पुढच्या बाजूने उठून दिसतो.